भालूकाकांच्या गाडीची सासू

वऱ्हाडाची बस रस्त्यात बंद पडली तर माणसं ड्रायव्हरला नावं ठेवतात. भालूकाका शेट्ये खाली उतरून वऱ्हाडाची माफी मागतात. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पालीच्या अलीकडे बसचा पट्टा तुटला, माणसं काजूच्या झाडाखाली सावली शोधत उभी, आणि काका एकेकापुढे जाऊन हात जोडून सांगताहेत, "तुमचा फार खोळंबा झाला हो, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालंय." एका बाईंनी त्यांना बसचे मालक समजून चांगलं फैलावर घेतलं. काकांनी ते मान खाली घालून ऐकलं आणि वर "तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणाले.

माणसाला स्वतःची लाज वाटते, फार तर घरच्यांची. भालूकाकांना सगळ्या रत्नागिरीची वाटते. पाहुणे बसलेले असताना दिवे गेले तर वीज आपणच घालवल्यासारखे ते ओशाळतात. पलीकडच्या आळीत कुणाचा कुत्रा कुणाला चावला, तर चावलेल्या माणसाकडे बिस्किटांचा पुडा घेऊन हे जाणार. ना कुत्रा यांचा, ना माणूस ओळखीचा. बाजारात कुणी यांच्या पायावर पाय दिला, तर आपला पाय तिथे ठेवल्याबद्दल "चुकलं हो" म्हणणार. आणि रात्री जेवताना काकूंना सगळं सांगून शेवटी विचारणार, "काय वाटलं असेल गो त्यांना?" बहुतेकांना काहीच वाटलेलं नसतं, हे काकू लग्न झाल्यापासून सांगत आलेल्या आहेत.

मी त्यांची शेजारीण. शाळेत शिकवते म्हणून सगळी आळी मला 'बाई' म्हणते. आमचे हे लोट्याला कंपनीत असतात, पाळी सांभाळून शनिवारी घरी येतात. त्यामुळे आठवडाभर माझा आधार म्हणजे शेट्यांचं घर. काका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ हातात घेऊन ते बोलायला उभे राहिले, आणि "माझ्यामुळे कुणाला हेलपाटा पडला असेल तर" इथून सुरुवात करून जे सुटले, ते गावागणिक माफी मागत चालले. साहेबांनी घड्याळ पाहिलं तेव्हा ते जेमतेम संगमेश्वरापर्यंत पोचले होते.

पण जिथे खरोखर लाज वाटायला हवी होती, तिथे काकांनी कधी तोंड उघडलं नाही. ज्योती ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं लांज्याच्या एका मुलाशी आपल्या मनानं लग्न ठरवलं. जात वेगळी. काका रागावले नाहीत. रागवायला जो आवाज लागतो तोच त्यांच्याकडे नाही. पण लग्नाच्या दिवशी सकाळी, नवा सदरा अंगात घालून झाल्यावर, हॉलमध्ये कचेरीतली माणसं असतील, ती काय म्हणतील, असं त्यांच्या मनात आलं आणि काका पोट धरून खाटेवर आडवे झाले. पोटाला काही झालेलं नव्हतं. काकू एकट्या गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा काका तसेच नव्या सदऱ्यात बसलेले होते.

तेव्हापासून त्या लग्नापुरती लोकांची लाज मागे पडली आणि मुलीपुढे जायची सुरू झाली. आज जाऊ, उद्या जाऊ करताना "आता कुठच्या तोंडानं जाऊ" यावर गाडी अडली ती अडलीच. काकू अधूनमधून एसटीनं लांज्याला जाऊन येत. ज्योतीचा फोन यायचा तो काकूंना. काकांनी उचलला तर "हॅलो," "हॅलो," "आई आहे?" "देतो" एवढ्यावर बापलेकीचं बोलणं आटपायचं. तिसरं वर्ष उजाडलं तरी त्यात शब्दाची भर पडली नव्हती.

अशा माणसानं गाडी घेतली. पुण्याच्या एका डॉक्टरांची, वापरलेली, पण मोठी ऐटबाज. त्या वेळी आमच्या आळीत मोबाईलसुद्धा एखाद्याकडेच होता, आणि या गाडीचं बटण दाबलं की चारी दारं एका दमात बंद व्हायची, काचा वर जायच्या, दिवे डोळे मिचकावायचे. काकांना पहिल्या दिवशी त्याचीही लाज वाटली. "एवढं कशाला हो दाखवायचं लोकांना," असं म्हणत ते बटण खिशात हात घालून, कुणी बघत नाही ना हे पाहून दाबायचे. मला सकाळी शाळेपर्यंत सोडायचे. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. पुढे म्हैस आली तरी ती आपल्या मनानं बाजूला होईपर्यंत थांबून राहायचे.

आणि त्याच गाडीचा हॉर्न श्रावणात आपण होऊन वाजायला लागला.

पहिल्यांदा वाजला तो आमच्या शाळेच्या फाटकात. आत प्रार्थना चाललेली, मुलं डोळे मिटून हात जोडून उभी, आणि गाडीनं जो सूर लावला तो थांबेचना. काका दोन्ही हात वर करून बसले होते, आपण काही दाबलेलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. जोडीला वायपर फिरायला लागले. ऊन पडलं होतं. मुलांनी एक डोळा उघडला, मग दोन्ही उघडले, आणि प्रार्थना तिथेच संपली. मी गाडीतून उतरले ती सरळ मान खाली घालून वर्गात गेले. दुपारी हेडमास्तरांच्या खोलीत काका खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन बसलेले दिसले. मला लपायला जागा सापडेना.

दुसरा प्रसंग मयताचा. आळीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ वारले. काका गाडी घेऊन गेले, लांबच्या पाहुण्यांना स्मशानात न्यायला उपयोगी पडेल म्हणून. तिरडी उचलायची वेळ, सगळं शांत, आणि काकांच्या गाडीचे चारी दिवे लुकलुकायला लागले. मग दारं बंद झाली, उघडली, पुन्हा बंद झाली. खटाक, खटाक. दुःखात बुडालेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. काका गाडीच्या पुढे हात पसरून उभे राहिले, जणू त्यांच्या बारीक अंगानं ते दिवे झाकले जाणार होते. पुढे दिवसकार्य होईपर्यंत ते त्या घरी रोज जाऊन आले. शेवटी मयताच्या मुलानं काकूंना निरोप पाठवला, की काकांना आवरा, आम्ही त्यांचंच सांत्वन करून थकलो.

तिसऱ्या वेळी गाडीनं त्यांना मासळी बाजारापुढे आत कोंडून घातलं. दारं उघडेनात, काचा खाली होईनात. कोळणी जमल्या. आत घामानं निथळलेले काका काचेतून प्रत्येकीला हात जोडताहेत, ओठ हलताहेत, ऐकू काहीच येत नाही. मी मासळी घ्यायला आले होते; एकीनं मला विचारलं, "हा बाबा आत काय बोलतासा?" मी म्हटलं, "तुम्हाला त्रास झाला म्हणून माफी मागताहेत." ती म्हणाली, "मंग भायेर येऊन माग म्हणावं."

या गाडीवर इलाज करायला संतोष होता. संगमेश्वराकडचा पोरगा, साळवी स्टॉपजवळ गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. संतोषला न कळलेला बिघाड अजून जन्माला यायचा होता, निदान त्याच्या मते. गाडीभोवती एक फेरी मारायचा, बॉनेटवर टिचकी मारायचा, आणि सांगायचा, "काका, डोळे झाकून सांगतो, बॅटरी." बॅटरी बदलली. मग "डोळे झाकून सांगतो, हॉर्नचा बटण." तेही बदललं. मग वायपरची मोटर, मग फ्यूज, मग कसली तरी डबी जिला तो रिले म्हणायचा. गाडी दोन दिवस शहाण्यासारखी वागायची आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दारात बोंबलायची. काकूंनी एकदा सुचवलं, की डोळे उघडून बघ जरा. संतोष हसला. काकांना मात्र भलतंच वाईट वाटलं. "त्याच्या कामात आपण नाक खुपसलं असं वाटलं असेल गो त्याला."

यात हसण्यासारखं खूप होतं आणि मी हसतही होते. पण शेट्यांच्या घरात त्या दिवसांत दुसरीच घालमेल चालू होती. ज्योतीला दिवस गेले होते. सातवा महिना चाललेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. आठव्यात प्रवास नको, म्हणजे गणपतीच्या आधी ती घरी यायला हवी. आणि काकूंनी, ज्यांनी इतकी वर्षं एकटीनं एसटीचे धक्के खाल्ले, त्यांनी एके दिवशी ओटीवर तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं, "या खेपेस मी आणायला जाणार नाही. पहिलटकरणीला न्यायला बापानं जायचं असतं. तुम्ही गेलात तर ती येईल. नाहीतर तिथेच होऊ दे काय ते."

काका वर्तमानपत्राच्या आड होते. आडूनच आवाज आला, "गाडी नीट झाल्याशिवाय पोटुशीला कसं आणायचं? घाटात दारं उघडली म्हणजे?"

यात खोटं काही नव्हतं. पण काकू माझ्याकडे बघून पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. बिघाड सापडत नव्हता तोवर काकांना तोंड लपवायला जागा होती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. दिवस पुढे सरकत होते. फोनवर ज्योती पहिल्या महिन्यांपासून आईला सांगायची, काही जात नाही, नुसत्या खारातल्या कैऱ्या खाव्याशा वाटतात. काकू ते मोठ्यानं घरभर ऐकू जाईल असं सांगायच्या. काका ऐकून न ऐकल्यासारखे करायचे.

रविवारी दुपारी मात्र, पावसाळ्याच्या आधीपासूनच, ते गाडी घेऊन एकटेच बाहेर पडत. "चालवली नाही तर बॅटरी उतरते," म्हणायचे. काकू त्या वेळी भजनाला गेलेल्या असायच्या. मी एकदा विचारलं, बिघडलेली गाडी घेऊन एवढं कुठे जाता? "असंच," म्हणाले, "हातखंब्यापर्यंत." आणि लगेच, "तुम्हाला न विचारता गेलो, राग नाही ना आला?" मला कशाला राग येणार होता? पण त्यांच्यापुढे माणूस उगीचच माफ करून बसतो.

शेवटी संतोषनं हात टेकले. म्हणजे तो तसं म्हणाला नाही. तो म्हणाला, "काका, ही केस मशीनची आहे." कोल्हापूरहून त्याचा एक मित्र पाटीएवढं यंत्र घेऊन आला. ते स्टिअरिंगखालच्या एका खाचेत जोडलं की गाडीच्या पोटात काय दुखतंय ते पडद्यावर येतं म्हणे. शेट्यांच्या अंगणातच हा तपास झाला. काकू चहा घेऊन आल्या, मी शाळेला दांडी मारली नव्हती, सुटीच होती, आणि काका तपासणीच्या खोलीबाहेरच्या नातेवाइकासारखे येरझाऱ्या घालत होते.

मित्रानं बटणं दाबली. इंजिन बरं होतं, ब्रेक बरे होते. एका ठिकाणी मात्र यंत्र विचारत राहिलं आणि पलीकडून कुणी उत्तर देईना. "बॉडी कंट्रोल मॉड्यूल," मित्र म्हणाला.

"ती काय भानगड?" काकूंनी विचारलं.

संतोषला ही संधी हवीच होती. "काकू, ही गाडीची सासू. हॉर्न, वायपर, दारा, काचा, दिवे, सगळी माणसा हिच्या हाताखालची. बटण तुमी दाबलात तरी हुकूम हिचा. हिचा डोका फिरला, की कोण कधीपन ओरडतो."

"मग सुनांना का बदलत होतास इतके दिवस?" काकू म्हणाल्या.

संतोषनं ते ऐकलं नाही असं दाखवून पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी डोकं खुपसलं. तिथे आतल्या भिंतीला एक प्लास्टिकचं झाकण होतं. ते काढलं तेव्हा मागे हाताच्या पंजाएवढी काळी डबी निघाली, तिला वायरींचा जुडगा. "पाणी गेलाय आत," तो आतूनच म्हणाला. "डोळे झाकून सांगतो, पावसाचा." मग डबी बाहेर काढून उजेडात धरली. वायरी जिथे खोचतात तिथे पांढरी खपली धरली होती, तांब्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यानं बोट लावलं, आणि आमच्या देखत जिभेवर टेकवलं.

"हा पावसाचा पाणी न्हाय," तो म्हणाला. "खारट लागताय. काका, गाडी दर्यात घातली होतात काय?"

सगळे हसले. मीही हसले. काका हसले नाहीत. ते अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे इतकं निरखून बघायला लागले, की मला वाटलं वर साप आहे.

काकूंनी चहाचा ट्रे पायरीवर ठेवला. डबी हातात घेतली, नाकाशी नेली. मग वाकून गाडीत त्या पायाशीच्या गालिच्याचा वास घेतला. उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, मला सांगता येईना.

"हा माझ्या बरणीतला खार आहे," त्या म्हणाल्या. "तरीच म्हणत होते, कैऱ्या आहेत तेवढ्याच आणि पाणी का उतरतं. बरणीला चीर गेली असेल म्हणून मी दर आठवड्याला मीठ-पाणी उकळून घालत्येय वरून."

कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवलेली ती चिनी मातीची बरणी आमच्याकडे घरटी एक असते. तोंडाला फडकं बांधायचं, दादरा म्हणतात त्याला, आणि कोपऱ्यात ठेवून द्यायची. ती कुणी हलवत नाही. न्यायच्या असतील तर चार कैऱ्या झाकणाच्या डब्यात काढून नेतात. हे न सांगता सगळ्या बायकांना कळतं. काकांनी मात्र, हे मग त्यांच्याच तोंडून निघालं, अख्खी बरणी उचलली होती, दादऱ्यासकट, दर रविवारी, काकू भजनाला गेल्या की. पुढच्या सीटच्या पायाशी ठेवून लांज्याला न्यायची, आणि तशीच परत आणून कोपऱ्यात ठेवायची. आंजणारीच्या घाटात वळणावर बरणी भिंतीला टेकायची, दादरा भिजायचा, आणि खार गाडीच्या सासूच्या डोक्यावर ठिबकायचा.

"सबंध बरणी कशाला?" काकूंनी विचारलं.

"चार कैऱ्या घेऊन कसं जायचं?" काका पेरूच्या झाडाला म्हणाले. "इतक्या दिवसांनी जायचं आणि हातात डबा. काय वाटलं असतं तिला?"

"मग दिली का नाहीत?"

"गाडी लावायचो समोरच्या वडाखाली. ती पडवीत दिसायची." काकांनी पेरूचं एक पान तोडलं. "बरी दिसते. पाय सुजलेत थोडे. उतरायचं म्हणून दाराला हात घालायचो, आणि मग लाज वाटायची. लग्नाला आलो नाही तो माणूस आता कैऱ्या घेऊन आला, असं तिच्या सासूला वाटेल. तिच्या नवऱ्याला वाटेल. थोडा वेळ बसायचो आणि यायचो परत."

कोल्हापूरचा मित्र यंत्राची वायर गुंडाळत राहिला, आणि गुंडाळून झाल्यावर उलगडून पुन्हा गुंडाळायला लागला. इतके दिवस ज्या हॉर्नवर मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत नकला करून दाखवत होते, तो हॉर्न कशानं वाजत होता हे कळल्यावर मला त्या अंगणात उभं राहवेना. चहाचे कप उचलून मी आत गेले. सगळे भरलेलेच होते.

नवी डबी मुंबईहून मागवावी लागली. ती आली तेव्हा संतोषनं जुनी काढून तिथली जागा स्पिरिटनं पुसली, पिना घासल्या, नवी बसवली. तरी गाडी दार उघडेना. "नवी सासू चावीला वळखत न्हाय," संतोष म्हणाला. मित्र पुन्हा यंत्र घेऊन आला, पडद्यावर काही आकडे घातले, चावी फिरवली, काढली, फिरवली. मग काकांनी बटण दाबलं. चारी दारं एका दमात बंद झाली. उघडली. वायपर सांगितले तेव्हाच फिरले. अर्धा तास आम्ही गाडीसमोर उभे होतो. ती गप्प होती.

इतकी गप्प, की काकांचा चेहरा उतरत गेला. आता सांगायला काही उरलं नव्हतं.

"दोन दिवस बघू या," ते म्हणाले. "चालते का ते."

काकू आत गेल्या आणि सदरा घेऊन आल्या. तो ज्योतीच्या लग्नाचाच होता, हे मला इस्त्रीच्या जुन्या पिवळट घड्यांवरून कळलं. "लांज्याला मी सकाळीच फोन केलाय. बाई, तुम्ही बरोबर जा," त्या मला म्हणाल्या. "एकटे गेले तर हे पालीवरून परत येतील."

वाटेत ते तीनदा थांबले. एकदा टायर बघायला, एकदा पाणी प्यायला, आणि एकदा कशासाठीच नाही. लांज्याला घरासमोर गाडी उभी केली ती मात्र वडाखाली नाही. फाटकात. मी मागे बसले होते. काकांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता इंजिन चालूच ठेवून हे परत फिरवणार. तेवढ्यात ज्योतीच्या सासूबाई बाहेर आल्या आणि जशी कालच भेट झाली असावी तसं म्हणाल्या, "या हो, उतरा. ज्योती केव्हाची बॅग भरून बसलीय."

त्या घरात काका पाऊण तास होते आणि त्या वेळात त्यांनी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल माफी मागितली, आमच्या गाडीमुळे फाटक अडलं म्हणून मागितली, चहा दिल्याबद्दल मागितली, जावयाला सुटी घ्यावी लागली म्हणून मागितली. जी मागायची होती तिच्या आसपास फिरत राहिले. सासूबाईंनी ज्योतीची ओटी भरली. ज्योती वाकून पाया पडायला लागली तेव्हा काकांनी "नको, नको, वाकू नको" म्हणत तिला खांद्याला धरलं. बस, तेवढंच. दोघांचीही बोलायची सवय मोडलेली होती.

ज्योती पुढे बसली. काकांनी तिच्या सीटच्या पाठीला घरून आणलेली उशी लावली आणि गाडी इतकी हळू हाकायला लागले, की मागून आलेल्या एका सायकलवाल्यानंही आम्हाला मागे टाकलं. आणि मग सबंध घाट ते तिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल समजावून सांगत होते. ती डबी कुठे असते, तिच्यात पाणी गेलं की काय होतं, हॉर्न कुणाच्या हुकमानं वाजतो, यंत्र काय विचारतं. संतोषचं सगळं भाषण त्यांनी म्हणून दाखवलं. खार कुठून आला हे तेवढं सांगितलं नाही. ज्योती "हं," "असं होय," म्हणत होती. मला वाटलं, हे असेच रत्नागिरीपर्यंत वायरींबद्दल बोलत राहणार आणि ती तिकडे बाळंत होणार.

हातखंब्याच्या अलीकडे काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत म्हणाले, "ज्योती, मला लाज वाटत होती गो. लग्नाला आलो नाही त्याची. म्हणून मग पुढेही आलो नाही."

"माहीत आहे, बाबा," ज्योती म्हणाली.

"आईनं सांगितलं?"

"आई कशाला सांगेल? गाडी दिसायची ना मला रविवारी." ती पोटावर हात ठेवून बाहेर बघत होती. "पहिल्यांदा दिसलात तेव्हा मी चपला घालून निघालेच होते, तर तुम्ही गाडी चालू केलीत. पुढच्या रविवारी मी पाठ वळवून उभी राहिले, तर थांबलात. म्हणून मग मी दर रविवारी पडवीत कपडे वाळत घालायला लागले. वाळलेलेच काढायचे आणि पुन्हा घालायचे. सासूबाई हसायच्या मला. पण आत गेले तर तुम्ही जाल, आणि समोर आले तरी तुम्ही जाल, मग काय करायचं?"

काका दार उघडून खाली उतरले आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी उतरायला गेले, तर ज्योतीनं मागे हात करून मला अडवलं.

"असू द्या, बाई," ती म्हणाली. "जरा वेळ उभे राहू द्या त्यांना."